रिकिबीत पाय किती घालावा?



या सदरात मी एरवी भात, भाजीपाला आणि खते-औषधे यांच्या पलीकडे फारसा जात नाही. आज मात्र एका लोखंडी कडीविषयी लिहिणार आहे. घोड्याच्या जिनाला दोन्ही अंगांनी लोंबणारी, स्वाराने पाय ठेवायची ती कडी. तिला रिकीब म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ती नसेल. तरी वाचा. घरात घोडा नसला तरी पोरेबाळे माथेरानला, महाबळेश्वरला, एखाद्या जत्रेत घोड्यावर बसतातच, आणि लग्नात नवरदेव तर बसतोच बसतो.

झाले असे, की यंदा भाद्रपदात भातावरचा करपा आणि तुडतुडे पाहायला मी नेरे भागात गेलो होतो. नेरे हे पनवेलपासून आत, गाढी नदीच्या अंगाला. पुढे देहरंगचे धरण, त्याच्या पुढे मालडुंगे आणि धोदाणी, आणि समोर माथेरानच्या डोंगराची उभी भिंत. धोदाणीहून पायवाटेने वर चढता येते. या बाजूची माणसे वर्षानुवर्षे दूध आणि भाजी डोक्यावर घेऊन ती वाट चढत आली आहेत. त्यामुळे इकडच्या माणसाला माथेरान हे सहलीचे ठिकाण कमी आणि बाजार जास्त.

शेत पाहून झाले. तुडतुडे होते, पण फवारणी करण्याइतके नव्हते. शेताचे मालक म्हणाले, "सायेब, चाय घेऊन चला." पडवीत शिरलो तर त्यांचा धाकटा मुलगा खाटेवर बसलेला. वय वीस-बावीस. डाव्या पायाला प्लास्टर, पाठीवर खरचटल्याचे लांबच लांब ओरखडे. मला वाटले मोटारसायकलवरून पडला. तर म्हणाला, "नाय सायेब, घोडीवरून."

मुलाने दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून एक घोडी घेतली आहे. दसरा-दिवाळीनंतर तो माथेरानला जातो, पर्यटकांना घोडीवर बसवून पॉइंट दाखवतो, आणि पाऊस पडला की बहुतेक दिवस घरी शेतीला असतो. यंदा मध्ये सुट्या आल्या म्हणून चार दिवसांसाठी वर गेला होता. डाव्या रिकिबीचा वरचा कान, म्हणजे ज्यातून कातडी पट्टा ओवतात तो भाग, झिजून तुटला. नवी आणायला वेळ नव्हता. पोराने नायलॉनच्या दोरीचा दुहेरी फास करून पट्ट्याला बांधला आणि त्यात पाय घालून स्वार झाला. पायात पावसाळी गमबूट. वाटेत कुठल्याशा टपरीवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली, घोडी बुजली, पोरगा डावीकडे कलंडला. दोरी बुटावरून सरकून घोट्यापर्यंत गेली आणि आवळली. घोडी पळत सुटली आणि हा त्या लाल मातीच्या वाटेवर फरफटत गेला. दुसऱ्या घोडेवाल्यांनी आडवे होऊन घोडी धरली म्हणून निभावले.

तुटलेली रिकीब खुंटीला, इळ्याशेजारी टांगलेली होती. मुलाची आई चहा घेऊन आली आणि त्या रिकिबीकडे बोट करून मला म्हणाली, "ज्यानं ही कडी काढली त्याला घोड्यावर धड बसता येत नव्हतं काय? पाय अडकवायची गरजच काय म्हणते मी!"

मी बीएस्सी अॅग्री झालो तेव्हा आम्हाला नांगराचे कोन शिकवले, रिकिबीचे नाही. पण त्या माउलीचा प्रश्न अगदी रास्त होता. घरी येऊन वाचायला बसलो, ओळखीच्या प्राध्यापकांना विचारले. जे हाती आले ते तिला तर सांगितलेच, तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, माणूस रिकिबीवाचून घोड्यावर बसत होता, आणि फार वर्षे बसत होता. घोडा माणसाळून चार हजारांहून अधिक वर्षे झाली. त्यातल्या निम्म्याहून अधिक काळ कुणाला रिकीब ठाऊक नव्हती. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडर झेलमच्या काठी पौरस राजाशी लढला, तेव्हा त्याच्या घोडदळातल्या एकाही स्वाराच्या पायाखाली काही नव्हते. घोड्याच्या पाठीवर एखादे कापड, आणि मांड्यांची पकड. आपल्या भाषेत मांड बसणे म्हणतात ती हीच. त्याच्या काही वर्षे आधी झेनोफन नावाच्या ग्रीक माणसाने घोड्याविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात घोडा विकत घेताना खूर कसे पाहावेत इथपासून माहिती आहे, आणि वर चढायचे कसे तेही सांगितले आहे. हातातल्या भाल्याचा आधार घ्यायचा आणि आयाळ धरून उडी मारायची. म्हातारा किंवा आजारी माणूस असेल तर नोकराने पाय धरून वर लोटायचे. म्हणजे रिकिबीवाचून घोड्यावर बसता येते, पण लहानपणापासून सवय हवी, मांड्यांत बळ हवे, आणि लांबचा पल्ला गाठायचा तर पाय दिवसभर लोंबते ठेवायची तयारी हवी.

मग पायाला आधार द्यावा हे पहिल्यांदा कुणाला सुचले? इथे आपण आपल्याच मुलखात येतो. पनवेलहून बोरघाट चढून लोणावळ्याच्या पुढे मळवली स्टेशन लागते. तिथून जवळच भाज्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मोठा चैत्य पाहून लोक परत फिरतात. पण दक्षिणेच्या टोकाला एक लहान विहार आहे. त्याच्या ओसरीत दाराच्या एका बाजूला चार घोड्यांचा रथ आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा स्वार कोरलेला आहे. रथाबरोबर घोड्यावर बसलेल्या आकृती आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. कलेच्या अभ्यासकांना तिथे स्वाराच्या पायाखाली आधारासारखे काहीतरी दिसले आणि त्यांनी त्याची नोंद केली. तसेच सांचीच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शिल्पांत, घोडेस्वाराच्या पायाच्या अंगठ्यापाशी एक फास दिसतो. सांची मध्य प्रदेशात असली तरी तिथल्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे, की हे दान राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुखिया आनंद याचे. सातवाहन म्हणजे आपल्या पैठण-जुन्नर मुलखाचे राजे. तेव्हा या गोष्टीत आपलाही थोडा वाटा आहे असे म्हणायला हरकत नाही.

तो फास अगदी साधा. दोरीचा नाहीतर कातड्याचा. त्यात फक्त अंगठा, फार तर दोन बोटे जात. आपल्या उष्ण मुलखात माणूस अनवाणी, म्हणून हे जमले. थंड प्रदेशात बूट घालणाऱ्याला असल्या फासाचा काडीचा उपयोग नाही. त्यामुळे हा अंगठ्याचा फास उत्तरेकडे तसाच्या तसा जाऊ शकला नाही. तिकडे वेगळा विचार करावा लागला.

तो विचार झाला चीनमध्ये. तिथे चांगशा गावी इ.स. ३०२ मधली एक कबर सापडली. तिच्यात मातीचे घोडेस्वार ठेवलेले होते. त्या काही घोड्यांना डाव्या बाजूला फक्त एकच लहान त्रिकोणी रिकीब आहे, आणि स्वाराचा पाय तिच्यात नाही. म्हणजे ती वर चढण्यापुरती पायरी होती. वर बसले की तिचे काम संपले. डावीकडेच का, तर तलवार डाव्या कमरेला लटकते, ती मध्ये येऊ नये म्हणून माणूस डावीकडून चढतो, असे सांगतात. तलवारी गेल्या, पण आजही माथेरानचा घोडेवाला गिऱ्हाइकाला डावीकडूनच चढवतो.

पुढे वीस वर्षांतच, इ.स. ३२२ च्या नानजिंगजवळच्या कबरीतल्या घोड्याला दोन्ही बाजूंनी रिकिबी दिसतात. आणि प्रत्यक्ष सापडलेल्या जोड्यांपैकी एक जुनी जोडी फंग सुफू नावाच्या सरदाराच्या कबरीतली, इ.स. ४१५ ची. तुतीचे लाकूड वाकवून कडी केलेली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला काशाचा पत्रा. तुती म्हणजे रेशीमवाले लावतात तीच. तिची फांदी चांगली वाकते हे ज्यांनी तुतीच्या टोपल्या पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. पाय अडकवायची गरज काय? पायाखाली काही असले की माणूस घोड्यावर बसतो तसा उभाही राहू शकतो. उभा राहिला की मागे वळून बाण मारता येतो, वाकून भाला चालवता येतो, घोडा एकदम वळला तरी तोल सावरता येतो. दिवसभराच्या मजलेत पायांना विसावा मिळतो. आणि मुख्य म्हणजे जो लहानपणापासून घोड्यावर वाढलेला नाही, असा नांगर सोडून आलेला शेतकऱ्याचा पोरही थोड्या दिवसांत कामापुरता स्वार होतो.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. आपल्या मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि साज सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन येई. पंचवीस बारगिरांमागे एक नालबंद आणि एक पखालजी द्यावा, असा शिवाजी महाराजांच्या वेळचा बंदोबस्त सभासदाने लिहून ठेवला आहे. फौज पावसाळ्यात छावणीला येई आणि दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीला बाहेर पडे. आपल्याकडचे सीमोल्लंघन ते हेच. शिलेदाराच्या घरात घोडा आणि त्याचा साज म्हणजे आज ट्रॅक्टर असतो तशी जिंदगी. दसऱ्याला घोडी घेऊन वर जाणारा आणि पावसाला खाली येणारा नेऱ्याकडचा हा पोरगा मला त्याच वळणाचा वाटला. फक्त याची मुलूखगिरी मुंबईच्या पर्यटकांवर!

साजाची नावे पाहा. लगाम, जीन, तंग, खोगीर, तोबरा, नालबंद, रिकीब. सगळे शब्द फारसीतून आले. त्यातला रिकीब हा मुळात अरबी 'रिकाब', तो फारसीतून आपल्याकडे उतरला. चांगले घोडे अरबस्तानातून, इराणातून जहाजाने येत. चौल, ठाणे ही आपल्या कोकणातली बंदरे त्या व्यापारातली. घोडा आला तसा त्याचा साज आला आणि साजाबरोबर शब्द आला. लगाम लावणे, खोगीरभरती करणे हे आपण इतके सहज बोलतो, की ते शब्द बाहेरून आले हे आठवतही नाही.

हा सगळा उद्योग मराठी माणसाने नीट तपासलेला आहे हे मला माहीत नव्हते. देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे पुण्याच्या भांडारकर संस्थेत पोथ्यांची देखभाल करीत. हा माणूस नथ केव्हापासून आली, शोभेची दारू केव्हा आली, असल्या घरगुती गोष्टींचा माग संस्कृत आणि मराठी पोथ्यांतून काढीत असे. त्यांनी रिकिबीच्या इतिहासावरही एक मोठा लेख लिहून ठेवला आहे. कोकणातला माणूस, ज्या मुलखात घोडा पावसात टिकत नाही, त्याने रिकिबीचा इतिहास लिहावा याचे मला कौतुक वाटले.

तुम्हीसुद्धा थोडे पाहू शकता. गावाच्या वेशीवर, जुन्या देवळामागे वीरगळ असतो. त्यावर घोडेस्वार असला तर पाय पाहा, लोंबता आहे की टेकलेला. देवघरात खंडोबाचा टाक असेल तर त्यात देव घोड्यावर आहे. त्याचाही पाय पाहा. आपल्याच जिल्ह्यातल्या सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली पुण्यात उभा राहिला. तो पाहताना आपली नजर तलवारीवर आणि चेहऱ्यावर जाते. पायाकडे कोण पाहतो?

आता थोडे बाहेरचे. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवार नावाचे घोडेवाले लोक आशियातून युरोपात उतरले, त्यांच्याबरोबर लोखंडी रिकीब तिकडे गेली. इ.स. ६०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या लष्करी ग्रंथात स्वाराच्या जिनाला दोन लोखंडी रिकिबी असाव्यात असे लिहिले गेले. अरबांकडे आधी लाकडी रिकिबी होत्या. लढताना स्वार जोर देऊन उभा राहिला की त्या मोडत आणि तो ऐन वेळी खाली येई. सातव्या शतकाच्या अखेरीस मुहल्लब नावाच्या सेनापतीने त्या लोखंडाच्या करायला लावल्या. हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा तो खुंटीवरच्या तुटक्या कडीकडे पाहत राहिला. तेराशे वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी लाकूड टाकून लोखंड घेतले, त्याच कारणाने याची कडी मोडली. आणि मग हा लोखंड सोडून आणखी मागे, थेट सांचीच्या दोरीवर गेला!

फरक एवढाच, की सांचीच्या स्वाराने दोरीत अंगठा घातला होता. याने गमबुटासकट अख्खा पाय घातला.

इथे खरी गोम आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. दोरीचा किंवा कातड्याचा फास मऊ असतो. तुम्ही पडलात की तुमचेच वजन त्याला ओढते आणि तो पायावर मिटतो. जनावराला दाव्याची सरकगाठ मारली तर काय होते ते तुम्ही गोठ्यात पाहिले आहे. लोखंडी रिकीब मिटत नाही. तिचे तोंड उघडे ते उघडेच राहते, म्हणून पाय मागे सरकून सुटायला जागा असते. म्हणजे रिकीब ताठ असण्यात दोन फायदे आहेत. वजन पेलते हा एक, आणि पाय सोडते हा दुसरा. पहिला सगळ्यांना दिसतो. दुसरा पडल्यावर कळतो.

दुसरी बाब घोड्याची. रिकीब माणसाच्या सोयीची, पण तिचा सगळा भार एका पट्ट्यावरून घोड्याच्या पाठीवर एकाच जागी येतो. नुसत्या गादीवरून पट्टा टाकून रिकिबी लोंबवल्या तर माणूस उभा राहिला की पट्टा खांद्यामागच्या उंचवट्यापाशी रुततो. आपल्या बैलाला जू नीट बसले नाही की खांदेसूज येते, तसलाच प्रकार. म्हणून जिनाच्या आत लाकडाचा सांगाडा असतो. तो भार पाठीच्या दोन्ही अंगांना पसरवतो आणि मधला कणा मोकळा ठेवतो. रिकीब आणि आतून ताठ असलेले जीन ही जोडी आहे. मी पशुवैद्य नव्हे, तेव्हा घोड्याच्या पाठीवर फोड, सूज किंवा केस गेलेला पांढरा डाग दिसला तर जीन काढून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. हळद लावून वर पुन्हा जीन कसू नका.

जाता जाता एक गंमत. १९६२ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने एक पुस्तक लिहिले. युरोपातली सरंजामशाही रिकिबीमुळे आली, असे त्याचे म्हणणे. रिकिबीमुळे भालेवाला स्वार बलवान झाला, त्याला घोडे आणि चिलखत पोसायला जमीन द्यावी लागली, आणि ती जमीन कसणारा शेतकरी त्याच्या हाताखाली गेला. यावर पुष्कळ वाद झाला. इतर इतिहासकारांनी दाखवले, की रिकीब आली त्याच वेळी सगळे बदलले असे पुराव्यावरून दिसत नाही, आणि एका कडीवर एवढा मोठा डोलारा उभा करू नये. मलाही तेच पटते. पाटलाकडे घोडा असतो म्हणून तो पाटील होत नाही. पाटील असतो म्हणून त्याला घोडा परवडतो.

पण त्याच पुस्तकातला दुसरा भाग माझ्या कामाचा निघाला. तो नांगरावर आणि घोड्याच्या गळपट्टीवर आहे. आपल्या बैलाला वशिंड असते, त्याच्यापुढे जू टेकते आणि बैल सगळ्या अंगाने ओढतो. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या गळ्याला पट्टा बांधून ओझे ओढायला लावले तर श्वासनळी दबते. खांद्यावर टेकणारी जाड, भरलेली गळपट्टी निघाली तेव्हा कुठे युरोपात घोडा नांगराला जुंपता आला. आपल्याकडे ही पाळी आलीच नाही, बैल होता. सदराचा विषय रिकिबीचा आहे, तेव्हा हे इथेच थांबवतो. पुढे कधी जुवावर लिहीन.

आता माथेरानकडे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकच्या बाजूने वर चढले आणि त्यानंतर तिथे वस्ती झाली. १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी आहे. गावात मोटारींना बंदी, म्हणून घोडे टिकले. २००३ साली तो सगळा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या आणि २०२५ मध्ये हातरिक्षा बंद करण्याचा आदेश निघाला. माणसाने माणसाला ओढू नये हे योग्यच झाले. घोडेवाल्यांना मात्र आपले गिऱ्हाईक कमी होईल याची धास्ती आहे. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या घरात ही धास्ती काय असते ते मी त्या पडवीत पाहिले. गिऱ्हाईक जाईल म्हणून तुटक्या साजावर धंदा करायचा, हे त्यातूनच येते. तीनचार दिवस घोडी बांधून ठेवायची हिंमत होत नाही.

तरीही सांगतो. घोडी पाळणाऱ्यांनी आणि घोड्यावर पोर बसवणाऱ्यांनी एवढे पाहावे. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी असावी. अरुंद असली तर बूट पाचरीसारखा बसतो. फार रुंद असली तर लहान मुलाचा अख्खा पाय आरपार जातो, आणि ते जास्त वाईट. पाय चवड्यापर्यंतच घालावा, टाच खाली झुकलेली ठेवावी. टाच असलेला बूट चांगला, कारण टाच पायाला पुढे सरकू देत नाही. सपाट चप्पल सरकते, आणि खाचाखाचांच्या जाड तळव्याचा बूट किंवा ढिला गमबूट अडकतो. पट्ट्याची लांबी मोजायची सोपी खूण म्हणजे बोटांची टोके पट्ट्याच्या वरच्या बकलाला लावून हात ताठ करा. रिकिबीचा तळ काखेपर्यंत यावा. मग बसून थोडे कमीजास्त करा. मोठ्या माणसाच्या मापाच्या रिकिबीत मुलाचा पाय पोचत नाही म्हणून पट्ट्याच्या पिळात किंवा दोरीत पाय अडकवून देतात. ते अजिबात करू देऊ नका. पाय लोंबता राहिला तर पोर फार तर पडेल. आणि पडू नये म्हणून पाय रिकिबीला बांधणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

कडीचा कान आणि पट्ट्याची भोके आठवड्यातून एकदा हाताने चाचपावीत. कोकणातल्या दमट हवेत कातडे बुरसते आणि लोखंड आतून गंजते. विळ्याची मूठ ढिली झाली तर आपण लगेच पाचर मारतो. तेवढेच लक्ष इथे. हल्ली अशाही रिकिबी मिळतात, की ज्यांची बाहेरची बाजू जाड रबराच्या कड्याची असते. पाय अडकून ओढ बसली की रबर निसटते आणि पाय सुटतो. मुलांसाठी त्या चांगल्या, फक्त रबर उन्हाने तडकते, ते बदलत राहावे लागते.

दसऱ्याच्या आधी मी पुन्हा नेऱ्याला गेलो. कापणीआधी बियाण्यासाठी वेगळा ठेवलेला तुकडा पाहायचा होता. मुलाचे प्लास्टर निघाले होते, थोडा लंगडत होता. नव्या रिकिबींची जोडी पडवीत आली होती. तो वर जायला उतावीळ, वडील गप्प, आणि आई दारात.

मी म्हटले, "वहिनी, तुम्हीच पारख करा." त्यांनी मुलाचा टाचेचा बूट आणला, खुंटीवर टांगलेल्या नव्या रिकिबीत चवड्यापर्यंत घातला आणि मागे ओढला. पटकन निघाला. पुन्हा घातला, यावेळी वाकडा करून ओढला. तरी निघाला. मग त्या आत गेल्या आणि तो गमबूट घेऊन आल्या. तो घातला, ओढला, तर तळव्याच्या खाचा कडीत धरल्या आणि खुंटीसकट सगळे हलले. वहिनींनी बूट तसाच पिळून सोडवला, मुलाकडे एकदा पाहिले, शिडी लावली आणि दोन्ही गमबूट माळ्यावर, अगदी आतल्या अंगाला, भाताच्या कणगीमागे टाकून आल्या. खाली उतरून हात झटकले आणि म्हणाल्या, "चाय ठेवते."